‘गेलो’ आणि ‘जायचो’

चि. सायली,


तुझा स्पॅनिशमधला निबंध वाचला. शब्द नेमके आहेत, रूपंही बिनचूक. पण दर मे महिन्यात आजोळी जायचो, हे सांगताना तू सगळीकडे ‘फुइमोस’ लिहिलंस. वाचणाऱ्याला वाटेल, ही मुलं एकदा गेली आणि परत आली. तिथे ‘ईबामोस’ हवं.

अपूर्ण भूतकाळाची, म्हणजे ‘ईबामोस’सारखी, रूपं अवघड नाहीत. ‘आर’ गटाला ‘आबा’, ‘एर’ आणि ‘ईर’ गटांना ‘ईआ’. अनियमित क्रियापदं अख्ख्या भाषेत तीनच: सेर, ईर आणि बेर. खरा कस लागतो तो कुठे काय वापरायचं, इथे. तू इंग्रजीतून विचार करतेस, ते आधी सोड. इंग्रजीचा साधा भूतकाळ दोन्हीकडे चालून जातो. आपल्याकडे ‘गेलो’ निराळं आणि ‘जायचो’, ‘जात असू’, ‘जात होतो’ निराळं. या तिन्हींना स्पॅनिशमध्ये एकच ‘ईबामोस’. एवढी तयारी तुला घरातूनच मिळाली आहे.

मात्र मराठी काही ठिकाणी चकवते, आणि तिथेच जास्त लक्ष दे. ‘दोन वर्षं आम्ही रत्नागिरीत राहत होतो’ हे आपण किती सहज म्हणतो! पण स्पॅनिशमध्ये मुदत सांगितली की गोष्ट संपली; इथे ‘बिबीआमोस’ नाही, ‘बिबिमोस’. ‘तीन वेळा गेलो’ याचंही तेच. फेऱ्या मोजल्यास ना, मग ‘फुइमोस’च. उलट ‘अंगणात बसलो होतो, तेवढ्यात पाऊस सुरू झाला’ यातलं बसणं मराठीत उरकल्यासारखं दिसतं, पण पाऊस आला तेव्हा तुम्ही बसलेलेच होता. म्हणून ‘एस्ताबामोस सेन्तादोस’, आणि पाऊस तेवढा ‘एम्पेसो’.

खुणेच्या शब्दांच्या याद्यांवर विसंबू नकोस, असं मी अगदी कळकळीने सांगते. ‘आयेर’, म्हणजे ‘काल’, दिसलं की पूर्ण भूतकाळ, असं मुलं पाठ करतात. पण ‘काल मी निघाले तेव्हा पाऊस पडत होता’ यात ‘आयेर’ असूनही पाऊस ‘योबीआ’च राहतो. त्या घडीला गोष्ट चालू होती का, एवढं स्वतःला विचार.

काही क्रियापदांत तर काळ बदलला की अर्थच बदलतो. ‘कोनोसीआ’ म्हणजे ओळखत होते, ‘कोनोसी’ म्हणजे ओळख झाली. आजोबांना मुंबईला यायचं नव्हतं, तिथे तू ‘नो कीसो’ लिहिलंयस. म्हणजे त्यांनी चक्क नकार दिला. नुसतं मनात नव्हतं असं म्हणायचं असेल, तर ‘नो केरीआ’. नक्की काय झालं होतं ते आईला विचार, आणि तेवढा परिच्छेद पुन्हा लिहून पाठव.

तुझी,
मावशी