लोहाराचा अर्ज

पहिल्या महायुद्धाच्या काळातील ही हकीकत आहे. १९१४ साली युद्ध पेटले, तेव्हा ब्रिटनमधील लाखो तरुण स्वखुशीने सैन्यात दाखल झाले. परंतु युद्ध लांबले आणि सैनिक अपुरे पडू लागले. म्हणून जानेवारी १९१६ मध्ये तेथील पार्लमेंटने सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा केला. १८ ते ४१ वर्षे वयाच्या अविवाहित पुरुषांना तो प्रथम लागू झाला. त्याच वर्षी पुढे विवाहितांनाही.

मात्र या कायद्याने गाऱ्हाणे मांडण्याची एक वाट मोकळी ठेवली होती. राष्ट्रोपयोगी काम, कुटुंबावर किंवा धंद्यावर ओढवणारे संकट, आजारपण, अथवा युद्धाला मनोदेवतेचा विरोध, यांपैकी कोणतेही कारण दाखवून स्थानिक न्यायमंडळाकडे सूट मागता येई. जून १९१६ अखेर सुमारे साडेसात लाख पुरुषांनी असे अर्ज केले होते.

त्यांत खेड्यांतील लोहार, सुतार, पाववाले, चक्कीवाले असे कारागीरही होते. अशा एखाद्या लोहाराची कल्पना करा. त्या काळी तेथे नांगर ओढीत ते घोडे. घोड्यांना नाल ठोकणारा आणि नांगराचा फाळ शेवटणारा गावात हा एकटाच उरलेला. हाताखालचा गडी केव्हाच रणांगणावर गेलेला. भट्टी विझली तर नांगर थांबणार. मग सैनिकांना तरी धान्य कोठून मिळणार?

त्याचा अर्ज ऐकणारे सदस्य त्याच टापूतील शेतकरी, दुकानदार, जमीनदार असत. त्यांना त्या भट्टीचे मोल ठाऊक असे. पण सैन्याचा प्रतिनिधीही तेथे हजर असे. हे काम एखादा वृद्ध कारागीर करणार नाही काय, असे तो विचारी. त्याचेही खोटे नव्हते. आघाडीवरील थकलेल्या जवानांना कुमक हवीच होती. शिवाय एका लोहाराला सूट दिली, तर शेजारच्या विधवेच्या एकुलत्या एका मुलाला काय उत्तर द्यावयाचे?

अशा वेळी न्याय करणे फार अवघड होते. काहींचे अर्ज फेटाळले जात. कित्येकांना काही महिन्यांचीच सूट मिळे. मुदत सरली की पुन्हा तीच चिंता! निकाल मान्य नसल्यास वरच्या न्यायमंडळाकडे दाद मागता येई.

युद्धानंतर यांतील बहुतेक कागद सरकारी आज्ञेने नष्ट करण्यात आले. जे थोडे उरले, त्यांतून सामान्य माणसांची सुखदुःखे आजही आपल्याशी बोलतात. देशाला बंदूक धरणारा हात हवा असतो, तसा घण उचलणाराही हवा असतो. आणि जे राज्य नागरिकाचा प्राण मागते, त्याने त्याचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे.

स्वाध्याय

१. सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा का करावा लागला?
२. लोहार गेल्यास गावाची कोणती अडचण होणार होती?
३. तुम्ही न्यायमंडळाचे सदस्य असता, तर लोहाराच्या अर्जावर कोणता निर्णय दिला असता? कारणे लिहा.