गोधडीची सुई आणि पोत्याचे दाभण



देऊळगाव राजा परिसरात सोयाबीन घरात आले की पोती शिवणे आणि थंडीपूर्वी गोधड्या शिवणे ही कामे सोबतच निघतात. सुई मात्र हाताला लागेल ती घेतली जाते.

हातशिलाईच्या सुईचा क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते. गोधडीत जुन्या लुगड्या-धोतरांचे अनेक थर असतात. तेथे बारीक सुई वाकते किंवा नेढ्यापाशी मोडते. फार जाड सुईने जीर्ण कापड फाटते. दुहेरी दोरा न घासता जाईल एवढेच छिद्र पडावे. बोटात अंगुस्तान घालावे.

पोत्याला दाभणच हवे. टोकाशी वाकलेल्या दाभणाने भरलेल्या पोत्याचे तोंड वरूनच शिवता येते.

मोडलेला तुकडा अंगणात टाकू नये. गुरे चारा नीट न चावता गिळतात. सुई दुसऱ्या, जाळीदार पोटात रुतते, पुढे हृदयापर्यंतही पोचते. जनावर चारा सोडते, पाठीची कमान करते, उतारावर चालताना कण्हते. अशा वेळी घरगुती औषधात दिवस न घालविता पशुवैद्यकास बोलवावे.

बसताना व उठताना सुया मोजाव्यात. एक जरी कमी भरली, तरी ती सापडेपर्यंत तेथील कुटार गव्हाणीत टाकू नये.