इटालियन म्हणजे कोण?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय १० आणि ११



"तुमचा धर्म इटलीचा ना?" हा प्रश्न नांदेड-लातूरकडच्या कॅथलिक माणसाने कधी एस.टी.त, कधी शेजाऱ्याकडून, तर कधी शाळेतून आलेल्या आपल्याच लेकराच्या तोंडून ऐकलेला असतो. पोपसाहेब रोमला राहतात, रोम इटलीत आहे, त्यामुळे विचारणाऱ्याला फार दोष देता येत नाही. अडखळतो आपणच. म्हणून आज हा शब्दच नीट पाहू.

इटालियन हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला. मूळ नाव इटालिया. नकाशात इटली बुटासारखी दिसते. त्या बुटाच्या टोकाला कालाब्रिया नावाचा भाग आहे. प्रारंभी इटालिया म्हणत ते तेवढ्याच भागाला. थुसिडिडिस या ग्रीक इतिहासकाराने हे नाव इटालोस नावाच्या राजावरून पडल्याचे लिहिले आहे. पण पुष्कळ अभ्यासक त्याचा अर्थ 'वासरांचा देश' असा लावतात. तिथल्या जुन्या ऑस्कन भाषेत त्याचे रूप 'वितेलिउ' होते. ग्रीकांच्या तोंडी आरंभीचा 'व' गळाला आणि इटालिया राहिले. लॅटिनमध्ये वासराला 'वितुलुस' म्हणतात. आता आपल्या भाषेकडे या. संस्कृत 'वत्स', त्यावरून आपले वासरू. वितुलुस आणि वत्स ही एकाच आजीची नातवंडे. त्या मुळाचा अर्थ वर्ष. वासरू म्हणजे वर्षाचे जनावर. संवत्सर शब्दातही तेच मूळ आहे.

आपल्याकडे उलटे झाले आहे. लाल कंधारी हे नाव कंधारवरून, देवणी हे देवणी गावावरून. गावाने जनावराला नाव दिले. तिकडे जनावराने देशाला दिले. माळेगावच्या यात्रेत गोऱ्ह्याचे दात पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगितले तर तो हसेल, पण त्याला पटेलही.

हे नाव टोकाकडून हळूहळू वर सरकत गेले. इ.स.पूर्व ९१ मध्ये रोमच्या मित्र जमातींनी रोमविरुद्ध बंड केले. रोमच्या लढाया आम्ही लढायच्या आणि नागरिकाचा हक्क मात्र आम्हाला नाही, ही त्यांची तक्रार. त्यांनी पाडलेल्या काही नाण्यांवर बैल शिंगांनी लांडगिणीला मारतो आहे. लांडगीण ही रोमची खूण. काही नाण्यांवर वितेलिउ ही अक्षरेही आहेत. म्हणजे तेव्हा हा शब्द हक्क नाकारलेल्यांचा होता! पुढे त्यांना नागरिकत्व मिळाले.

मात्र इटली नावाचे एक राज्य व्हायला १८६१ साल उजाडले. गोव्यात १५८३ साली कुंकळ्ळी येथे हुतात्मा झालेले धन्यवादित रुदोल्फ आक्वाविवा यांना आपण इटालियन म्हणतो. त्यांचे जन्मगाव अत्री तेव्हा नेपल्सच्या राज्यात होते. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना, १८५५ साली, त्याच राज्यात हैदराबादला मिलानहून मिशनरी आले. त्या वेळी मिलानवर ऑस्ट्रियाच्या बादशहाचा अंमल होता. इटलीचा राजा असा कोणी नव्हताच.

आता शास्त्राकडे वळू. नव्या करारात इटलीचे नाव मोजक्याच ठिकाणी येते. त्यातले पहिले ठिकाण म्हणजे कर्नेल्याची ओळख. तो कैसरियात राहणारा शताधिपती, आणि त्याची पलटण 'इटलीची' म्हणवली जाई. इटलीत भरती झालेल्या रोमी नागरिकांच्या अशा पलटणी असत. ऑस्ट्रियात सापडलेल्या एका शिलालेखात सिरियामधल्या अशाच एका पलटणीचा उल्लेख आहे. कर्नेल्य देवभिरू होता, दानधर्म करी, तरी यहुदी माणसाने त्याच्या उंबऱ्याच्या आत जायचे नाही अशी रीत होती.

तेव्हा संत पेत्र कुठे उतरला होता? यापो येथे, कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी. मेलेल्या जनावराच्या कातड्याला हात लावणारा म्हणून या धंद्याच्या माणसाला लोक कमी लेखत, दूर ठेवत. गावाबाहेरच्या वस्तीत ज्यांचे आजे-पणजे राहिले, त्यांना ही ओळ जास्त समजावून सांगावी लागणार नाही. त्याच घराच्या धाब्यावर पेत्राला ते दर्शन झाले: देवाने शुद्ध ठरवलेल्याला विटाळ मानू नकोस. खाली कर्नेल्याची माणसे दाराशी उभी. पेत्राने त्यांना शिमोनाच्याच घरात मुक्कामाला ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सहा बंधूंना घेऊन निघाला. यापो ते कैसरिया अंतर सुमारे ५० किलोमीटर, म्हणजे लातूर-उदगीरपेक्षा थोडे कमी.

कर्नेल्य पाया पडला, पेत्राने त्याला उठवले. मीही माणूसच, असे म्हणाला. मग त्या घरात तो जे बोलला, ते आपण दरवर्षी पुनरुत्थानाच्या रविवारी पहिल्या वाचनात ऐकतो. बोलणे चालू असतानाच ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला. (इथिओपियाच्या अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा याआधीच, आठव्या अध्यायात झाला आहे, हेही विसरू नये.)

तेव्हा शेजाऱ्याला काय सांगायचे? इटलीच्या पलटणीतल्या माणसाला शुभवर्तमान गालीलच्या कोळ्याने सांगितले. ते इटलीतून निघाले नाही, इटलीत बाहेरून गेले, जसे पुढे आपल्याकडे आले. संत पौल कैदी म्हणून तिथे उतरला, तेव्हा त्याला सामोरे यायला बंधुजन आधीच तयार होते. पोपांचे म्हणाल तर १५२३ पासून १९७८ पर्यंत सगळे इटालियन होते हे खरे. त्यानंतर पोलंड, जर्मनी, अर्जेंटिना आणि २०२५ पासून अमेरिका. आणि पहिला? बेथसैदाचा पेत्र.

या आठवड्यात घरी सायंप्रार्थनेच्या वेळी १०:१ पासून ११:१८ पर्यंत मोठ्याने वाचावे. जेरुसलेमला परतल्यावर पेत्राला आपल्याच माणसांनी जाब विचारला. तो कशाबद्दल होता, हे मुलांना शोधायला सांगा. उत्तर अकराव्या अध्यायाच्या तिसऱ्या ओवीत आहे, आणि ते जेवणाच्या पंगतीविषयी आहे.