हा मासा समुद्रात कुठे राहतो?

माझी लेक सहा वर्षांची झाली त्या आठवड्यात मी तिच्यासाठी निळा टँग घरी आणला. ‘फाइंडिंग डोरी’ तिचा तोंडपाठ होता. डोरी आपल्या हॉलमध्ये पोहणार या आनंदात तिने त्या रात्री जेवणाचं ताट टाकीसमोर आणून मांडलं. नवव्या दिवशी सकाळी मासा वाळूवर आडवा पडलेला तिनेच पाहिला. याचं खापर मी कुणाच्या डोक्यावर फोडणार नाही. चूक माझी होती, आणि ती मासा मरण्याच्या कितीतरी आधी, दुकानात त्याच्याकडे बोट दाखवताना झाली होती. खाऱ्या पाण्याची छोटी टाकी लावायच्या विचारात जे असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

गोष्ट २०१७ सालची, ठाण्यातल्या घरातली. गोड्या पाण्यातले गप्पी आणि मॉली मी दहा वर्षं पाळले होते, त्यामुळे आपल्याला मासे कळतात असा माझा समज होता. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. म्हणजे सत्तर लिटर. आत दगड आणि वाळू गेल्यावर प्रत्यक्ष पाणी साठच्याही खाली. आरओचं पाणी, त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम तयार समुद्री मीठ. (मुंबईच्या किनाऱ्यावरून पाणी भरून आणण्याचा सल्लाही मला मिळाला होता. तो मात्र मी ऐकला नाही, आणि तुम्हीही ऐकू नका.)

टाकी पिकायला चार ते सहा आठवडे लागतात. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर आणि फिल्टरमध्ये वस्तीला येईपर्यंत पाणी विषारीच असतं. मला तेवढा धीर नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात मी डोमिनो डॅमसेल आणला. काळाभोर, अंगावर तीन पांढरे ठिपके, किंमत सगळ्यांत कमी. ‘हा मरत नाही, आधी हाच सोडा,’ असं दुकानात सांगितलं. तो मेला नाही, हे खरं. पण अमोनियाने कल्ले जळत असताना तो पृष्ठभागाशी येऊन कसा धापा टाकत होता, ते मी पाहिलं आहे. चिवट आहे म्हणून एखाद्या जिवाकडून पाण्याची परीक्षा करवून घेणं मला आज क्रूर वाटतं. तेच काम चिमूटभर खाद्य कुजवून किंवा बाटलीतला अमोनिया घालून होतं, आणि चाचणीच्या किटवर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबता येतं.

त्या डोमिनोने पुढच्या तीन महिन्यांत सगळी टाकी आपल्या मालकीची केली. नंतर सोडलेल्या दोन क्लाउनफिशना त्याने एका कोपऱ्यात, हीटरच्या मागे कोंडलं आणि त्यांचे पर फाडले. त्याला बाहेर काढायला मला एकूण एक दगड उपसावा लागला. हा मासा वाढून पाच इंचांच्या पुढे जातो, हे मला तेव्हा कळलं. चार फुटी टाकी असलेल्या एका ओळखीच्या घरी त्याची सोय लागली म्हणून बरं. छोट्या टाकीत पहिला मासा कोण येतो यावर पुढे कोण जगणार ते ठरतं, हा धडा मला त्या उपशातून मिळाला.

मग टँग. दुकानात तो दोन बोटं लांब होता. पूर्ण वाढला की हा मासा फूटभर होतो, हे तिथे बघून कुणाच्या मनातही येणार नाही. घरी आल्यापासून तो एका काचेकडून दुसऱ्या काचेकडे जायचा, वळायचा, परत यायचा. दिवसभर हेच. सहाव्या दिवशी अंगावर रवा भुरभुरावा तसे पांढरे दाणे उठले आणि तो दगडांवर अंग घासू लागला. हा पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन. टँग त्याला फार लवकर बळी पडतात, त्यातही दमलेले, भेदरलेले. यावर तांब्याचं औषध आहे, पण दगड आणि कोळंब्या असलेल्या टाकीत ते घालता येत नाही. दगड ते शोषून घेतात आणि कोळंब्या मरतात. वेगळी टाकी माझ्याकडे नव्हती. टँगपाठोपाठ एक क्लाउनफिशही गेला. हा परजीवी माशावरून गळून वाळूत कोष करून बसतो आणि कित्येक दिवसांनी पुन्हा बाहेर पडतो, म्हणून मी उरलेला मासा दुसरीकडे हलवला आणि टाकी अडीच महिने बिनमाशांची ठेवली. लेक रोज विचारायची, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

त्याच काळात मी मालवणला मामाकडे गेले. मामाने उभा जन्म मासेमारीत काढला. टँगचा फोटो दाखवून मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “अगो, ह्यो मासो दर्यात खंय रवता?” मला सांगता आलं नाही.

संध्याकाळी ओहोटीला तो मला खडकांवर घेऊन गेला. भरती ओसरली की खडकांच्या खळग्यांत पाणी अडकून राहतं. एका डबक्यात भरतीबरोबर आत आलेली चारपाच चंदेरी पिल्लं होती. ती काठाकाठाने गरगर फिरत होती, थांबतच नव्हती. तिथेच एक बोटभर तपकिरी मासा भेगेच्या तोंडाशी बसला होता. आमची सावली पडली की आत, सावली सरली की पुन्हा तोंडाशी. त्याला ते डबकं लहान वाटत नव्हतं, कारण त्याचं घर ती भेग होती. चंदेरी पिल्लांच्या फिरण्यात मला माझा टँग दिसला.

तेव्हापासून मासा निवडताना मी लिटर आणि इंच नंतर मोजते. आधी विचारते, हा समुद्रात दिवसाकाठी किती हिंडतो? निळा टँग मोठा झाला की प्रवाळाच्या वर, वाहत्या पाण्यात प्लवक टिपत फिरतो. त्याची पिल्लं मात्र एखाद्या फांद्याफांद्यांच्या प्रवाळाला धरून राहतात. दुकानात आपल्याला दिसतात ती ही पिल्लं, आणि म्हणून आपली फसगत होते. उलट क्लाउनफिश एका समुद्रफुलाच्या आसपासचं वीतभर जग सोडून सहसा जात नाही. गोबी वाळूतल्या बिळाच्या तोंडाशी बसतो. फायरफिश आपल्या बिळाच्या वर तरंगत राहतो. बांगाई कार्डिनल समुद्री साळूच्या काट्यांच्या आडोशाला असतो. ब्लेनीला एक भोक पुरतं. साठ-सत्तर लिटरच्या टाकीसाठी मासे शोधायचे ते यांच्यात. एकूण तीन, फार तर चार. पाचव्याचा मोह झाला तर टाकीपुढून उठावं.

क्लाउनफिशबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेकांची सुरुवात त्याच्यापासून होते आणि व्हावीही. समुद्रातून पकडलेला घेऊ नका, टाकीत जन्मलेला मागा. आपल्याकडे यांची पैदास होते. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभेच्या समुद्री माशांची पैदास केली जाते. टाकीत जन्मलेला मासा दाणे खायला शिकलेला असतो आणि काचेला बुजत नाही. दोन छोटी पिल्लं एकत्र आणा, एक जरा मोठं, एक लहान. हे सगळे आधी नर असतात. दोघांतलं जे वरचढ ठरतं ते मादी होतं, म्हणून जोडी जुळवायची काळजी आपल्याला नसते. समुद्रफूल आणायची मात्र घाई नको. त्याला भरपूर प्रकाश लागतो, ते जागा बदलत सरकतं, आणि पाणी घुसळणाऱ्या पंपात अडकून मेलं तर टाकीभर विष होतं. त्याच्याशिवाय क्लाउनफिश उत्तम जगतो.

आता जे घरी आणू नयेत ते. मँडरिन हा बहुधा दुकानातला सगळ्यांत देखणा मासा. तो दिवसभर दगडांवरचे सूक्ष्म जिवंत जीव टिपून खातो, आणि छोट्या टाकीत ते काही आठवड्यांत संपतात. मग तो हळूहळू, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उपाशी मरतो. क्लीनर रॅसचंही तेच, त्याचं पोट दुसऱ्या माशांवरच्या परजीवींवर भरतं. बटरफ्लाय माशांतले कित्येक प्रवाळावरच जगतात. शिंगं असलेला काउफिश भेदरला की अंगातून विष सोडतो आणि स्वतःसकट सगळी टाकी मारू शकतो. सहा रेघांचा रॅस लहान असतो, पण लहान टाकीत तो दुसऱ्यांना जगू देत नाही. समुद्री घोडा आणि टणक प्रवाळ यांना आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कुणी मागल्या दाराने देऊ केले तर तिथून निघून या.

दुकानात मासा आवडला तरी त्याच दिवशी उचलू नका. आगाऊ रक्कम देऊन आठवडाभर तिथेच ठेवा. इंडोनेशिया आणि फिलिपाइन्सच्या समुद्रात सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याचे प्रकार झालेले आहेत, आणि असा मासा वरवर धडधाकट दिसत काही दिवसांनी मरतो. परत जाल तेव्हा समोर खायला घालायला सांगा. न खाणारा मासा घेऊच नये. डोक्यामागची पाठ चिमटलेली दिसते का, पोट खपाटीला गेलंय का, कल्ल्यांची उघडझाप धाप लागल्यासारखी आहे का, ते पाहा. त्याच टाकीत दुसरा एखादा मासा आजारी असेल तर तुमचाही आजारीच समजा.

घरी आणल्यावर वीस-तीस लिटरच्या साध्या प्लास्टिकच्या टबात, स्पंज फिल्टर आणि आडोशाला पाइपाचा तुकडा ठेवून, निदान चार आठवडे वेगळा ठेवा. माझ्याकडे हा टब असता तर दुसरा मासा तरी वाचला असता. मग सोडताना क्रम सांभाळा. सगळ्यांत बुजरा आधी, म्हणजे फायरफिश किंवा गोबी. दोन माशांत तीन-चार आठवड्यांचं अंतर. क्लाउनफिश शेवटी. फायरफिश असेल तर बारीक जाळीचं झाकण लागतंच, कारण तो दचकला की उडी मारतो.

आणि उन्हाळा. या माशांना २५ ते २७ अंश हवे असतात, ठाण्यात मे महिन्यात पाणी ३१-३२ वर जातं. चिलर महाग पडतो. पाण्यावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी झपाट्याने उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज साध्या आरओच्या पाण्याचीच भर घालावी, खाऱ्या नाही. पावसाळी दमट हवेत पंखा फारसा उपयोगी पडत नाही. तेव्हा खाद्य कमी करणं आणि हवेचा पंप चालू ठेवणं, एवढंच हातात असतं. म्हणूनही मासे कमी असावेत. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो, आणि वीज गेली की जास्त मासे असलेली टाकी आधी गुदमरते.

आज माझ्या त्याच दोन फुटी टाकीत तीन मासे आहेत. एक पिवळा गोबी पिस्टल कोळंबीबरोबर एका बिळात राहतो. कोळंबीला जेमतेम दिसतं. ती दिवसभर वाळू उपसते आणि एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. त्याने शेपूट हलवली की दोघं आत. लेक आता मोठी झाली आहे, पण अभ्यास सोडून ती हे बघत बसते. दुसऱ्या टोकाला क्लाउनफिशची जोडी आहे. गेल्या वर्षीपासून मादी दगडाच्या आतल्या अंगाला अंडी घालते. नर आठवडाभर परांनी त्यांना वारा घालतो, आणि मी काच पुसायला हात घातला तर मादी बोटाला डसते. त्या दिवसांत गोबी बिळातून वीतभरही बाहेर येत नाही. चौथा मासा आणायचा विचार आम्ही दोघींनी सोडून दिला.