निळ्या फाइलीतला कागद

पतपेढीत कर्जाची कागदपत्रं तपासण्याचं काम मी एकोणीस वर्षं करते आहे. जामीनदाराची सही जुळते का, सातबारावरचं नाव तेच आहे का, तारण गाडीचं आरसी बुक खरं आहे का, हे सगळं मी डोळ्यांत तेल घालून पाहते. आमच्या स्वतःच्या गाडीची विमा पॉलिसी मात्र मी एकदाही उघडून वाचली नव्हती. कपाटात निळ्या फाइलीत कागद आहे, एवढ्यावर मी निर्धास्त होते. ही चूक आम्हाला फार महागात पडली, म्हणून लिहिते आहे.

जानेवारी २०२४. सासूबाईंचे डोळे दाखवायला आम्ही साताऱ्याहून पुण्याला निघालो होतो. खंबाटकीचा बोगदा संपून रस्ता वळणं घेत उतरतो, तिथे मागून टेम्पोने जोरात धडक दिली आणि आमची गाडी कठड्यावर जाऊन आपटली. ह्यांच्या मांडीचं हाड मोडलं, सासूबाईंचं मनगट गेलं आणि माझ्या दोन बरगड्यांना चीर पडली. पुण्याच्या रुग्णालयात ह्यांना शस्त्रक्रियेसाठी आत नेताना ते मला म्हणाले, "पैशाची काळजी करू नकोस. गाडीचा फुल इन्शुरन्स आहे."

तिघांचं मिळून बिल आलं २ लाख ८६ हजार. मी दिराला फाइल घेऊन यायला सांगितलं आणि रुग्णालयाच्या बाकावर बसून कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीने पॉलिसी क्रमांक दोनदा विचारला. मग म्हणाली, "मॅडम, हा क्रमांक दुचाकीचा आहे, आणि नावही वेगळं आहे." कागदावर कंपनीचं चिन्ह होतं, शिक्का होता, ह्यांचं नाव होतं, आमच्या गाडीचा नंबर होता. कोपऱ्यात क्यूआर कोड होता. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा फोनवर स्कॅन केला. त्यातूनही तीच दुचाकी निघाली. कुणा भलत्याच माणसाच्या खऱ्या पॉलिसीवर आमचं नाव आणि गाडीचा नंबर चढवून तो कागद छापला होता.

पॉलिसी दिली होती ओळखीच्याच एजंटने. दिवाळीत घरी येऊन, फराळ करून, रोख पैसे घेऊन गेला होता. बाहेरच्या भावापेक्षा चार हजारांनी कमी, म्हणून आम्ही खूश होतो. मी फोन केल्यावर तो जराही गडबडला नाही. "वहिनी, घाबरू नका. आज पैसे भरतो, पॉलिसी चालू करून घेतो आणि अपघात परवाचा दाखवू. गॅरेजवाला आपलाच आहे."

खरं सांगते, त्या क्षणी माझं मन डळमळलं होतं. आत नवरा शुद्धीवर यायचा होता आणि खात्यात चाळीस हजार होते. पण एक गोष्ट मला पतपेढीमुळे ठाऊक होती. खोट्या कागदावर सही केली की फसवला गेलेला माणूस फसवणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. रुग्णालयाच्या केसपेपरवर अपघाताची तारीख आणि वेळ होती, पोलिसांच्या पंचनाम्यात होती, टोलनाक्याच्या फास्टॅगमध्ये होती. आणि १९३८ च्या विमा कायद्यातल्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेतच नाही, आज भरलेल्या पैशाने कालचा अपघात झाकला जात नाही. मी फोन ठेवला आणि दिराला पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला पाठवलं.

अशी गळ घालणारे लोक अपघातानंतर हमखास भेटतात, हे मला पुढे कळत गेलं. कुणी म्हणतं, चालवणाऱ्याचं लायसन्स संपलंय ना, मग दुसऱ्याचं नाव घाला. गॅरेजमध्ये म्हणतात, जुने पोचेही याच क्लेममध्ये बसवून टाकू. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही, तर विमा असलेली भलतीच गाडी अपघातात घुसवणारेही आहेत. उत्तर प्रदेशात असे बनावट दावे इतके वाढले होते की अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं. यांपैकी एकाही वाटेने जाऊ नका. एक खोटं सापडलं की खरा दावाही बुडतो, आणि वर गुन्हा आपल्याच नावावर चढतो.

आता दुसरी गोष्ट. तिचा धक्का मला खोट्या कागदाइतकाच बसला. आमची पॉलिसी अस्सल असती, तरी तिच्यातून रुग्णालयाचं बिल मिळालं नसतं.

"फुल इन्शुरन्स" हा शब्द आपण फार सैल वापरतो. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीचे तीन भाग असतात: आपल्या गाडीचं नुकसान, दुसऱ्यांना द्यावी लागणारी भरपाई, आणि मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. हा तिसरा भाग १५ लाखांचा असतो. तो ऐकूनच लोकांना वाटतं, दवाखान्याचं भागलं. पण तो पैसा मिळतो मृत्यू झाला तर, हात-पाय किंवा डोळा कायमचा गेला तर, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर. मोडलेलं हाड सांधण्याचा खर्च त्यात येत नाही. शिवाय गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावाची पॉलिसी हवी, आणि त्याच्याकडे वैध लायसन्स हवं. जुनी गाडी घेऊन पॉलिसी आधीच्या मालकाच्या नावावरच ठेवली असेल, तर हे संरक्षण नव्या मालकाला मिळत नाही. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीही नावावर करून घ्या.

मागच्या सीटवर बसलेल्या सासूबाई त्या १५ लाखांत कुठेच नव्हत्या. प्रवाशांसाठी वैयक्तिक अपघाताचं वेगळं कलम थोड्या जादा हप्त्यात घेता येतं. माणशी जास्तीत जास्त २ लाख. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्यासाठीही वेगळी नोंद लागते. काही कंपन्या अपघातानंतरच्या औषधोपचाराचा खर्च किंवा रुग्णालयातला रोजचा भत्ता जोडून देतात, पण तो आपण मागावा लागतो. स्वस्तातली पॉलिसी पाहताना आधी याच ओळी गळालेल्या असतात. म्हणून हप्त्याच्या आकड्याखालचं कोष्टक वाचा. कुठल्या कलमापुढे शून्य आहे ते बोट ठेवून बघा. उपचाराच्या खर्चासाठी स्वतंत्र आरोग्य विमा हवाच, गाडीच्या पॉलिसीवर त्याचा भार टाकू नका.

मग आमच्या बिलाचं काय झालं? उत्तर दुसऱ्याच्या पॉलिसीत होतं, आणि ते आम्हाला जवळजवळ सहा महिने कुणी सांगितलं नाही. चूक टेम्पोची होती, टेम्पोचा विमा चालू होता. त्यामुळे आमचा औषधोपचार, ह्यांचा बुडालेला पगार, सासूबाईंच्या हाताचं कायमचं दुखणं, या सगळ्याचा दावा टेम्पोच्या विमा कंपनीवर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येत होता. अपघात कुठेही होवो, आपण राहतो त्या जिल्ह्यातही अर्ज चालतो. पतपेढीत नोटिसा पाठवण्याचं काम करणाऱ्या वकीलसाहेबांना मी सहज ही हकिकत सांगितली, तर ते खुर्चीतून उठलेच. "ताई, अपघाताची तारीख सांगा आधी." १ एप्रिल २०२२ पासून या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली गेली आहे. आमच्या हातात अकरा दिवस उरले होते. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका.

त्या अकरा दिवसांत मी घरातली प्रत्येक पिशवी उपसली. औषधांची बिलं प्लास्टिकच्या पिशवीत होती, निम्म्यांची शाई उडालेली. ॲम्ब्युलन्सची पावती सापडलीच नाही. म्हणून सांगते, अपघाताच्या दिवसापासून एक फाइल करा: एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, मूळ बिलं, रजेचा दाखला. मेडिकलच्या दुकानातली पावती हातात पडताक्षणी तिचा फोटो काढून ठेवा. दावा अजून चालू आहे. ह्यांच्या पायात सळई आहे आणि जिना चढताना ते कठड्याला धरतात.

मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आली आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंत रोख न भरता उपचार मिळू शकतात. आमच्या वेळी ती नव्हती. धडक देणारी गाडी पळून गेली असेल, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार सरकारी भरपाई आहे. दोन्ही गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

रात्री झोप लागत नाही तेव्हा मला वेगळाच विचार छळतो. त्या दिवशी आम्हाला कुणी धडक दिली. आमच्याच गाडीखाली कुणी आलं असतं तर? खोट्या पॉलिसीवर एक पैसा निघाला नसता, आणि त्या घरची लाखोंची भरपाई आमच्या राहत्या घरावर आली असती.

पतपेढीत आता वाहनकर्जाच्या प्रत्येक फाइलीतली पॉलिसी मी सभासदासमोरच स्कॅन करते. मग गाडीचा नंबर घालून एम-परिवहन ॲपवर विम्याची तारीख बघते, आणि शंका आली तर कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधून फोन लावते. कागदावर छापलेल्या नंबरावर कधीच लावत नाही. हप्ता थेट कंपनीच्या खात्यात भरा, एजंटच्या हातात रोख देऊ नका, हेही सांगते. कंपनी दाद देत नसेल तर विमा नियामकांच्या १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि पुढे मुंबई-पुण्याला विमा लोकपालांची कार्यालयं आहेत, तिथे फी लागत नाही.

गेल्या महिन्यात भाजीचा टेम्पो चालवणारी एक बाई कर्जाचा हप्ता भरायला आली होती. तिची पॉलिसी पदराखालच्या पिशवीत, चार घड्या घातलेली. मी स्कॅन केली, तर दुसऱ्याच तालुक्यातल्या मोटरसायकलचा नंबर आला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. काउंटर दहा मिनिटं बंद ठेवून मी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि म्हटलं, "ताई, आज टेम्पो इथेच लावून ठेवा. आधी खरा विमा काढू, मग पोलीस ठाण्यात जाऊ. मी येते तुमच्याबरोबर."