कंपनीचं नाव झाकून

आमच्या घरात ट्रकच्या कंपनीबद्दल वाईट बोललेलं चालत नसे. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांच्या पहिल्या गाडीचा फोटो देवघराशेजारच्या भिंतीवर आहे, बोनेटला झेंडूचा हार, शेजारी उभे तरुण मामा. जुन्या बाजारातून घेतलेल्या त्या एका गाडीवर मिरजेतलं घर बांधलं गेलं, दोन नणंदांची लग्नं झाली, शेतात विहीर पडली. त्यानंतर जी जी गाडी आली ती त्याच कंपनीची. "आपली कंपनी दगा देत नाही" हे वाक्य मी लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला, गाड्यांच्या पूजेच्या वेळी ऐकलं, आणि पुढे दर दसऱ्याला ऐकत आले.

कंपनी कोणती ते सांगत नाही. नाव लिहिलं की अर्धे वाचक तिची बाजू घेतील, उरलेले "मी म्हणत नव्हतो?" म्हणतील, आणि मुद्दा राहून जाईल.

माझं माहेर वेगळ्या वळणाचं. वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. आगारात टाटाही होती आणि लेलँडही. कुणी विचारलं, "भाऊ, कुठली चांगली?" तर वडील कंपनी न सांगता गाडीचा नंबर सांगायचे. अमुक नंबरची गाडी वर्षभर रस्त्यात थांबली नाही, तमुक नंबरची दर महिन्याला ओढून आणावी लागते. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या. एसटीसारखी महामंडळं दर दहा हजार किलोमीटरला किती ब्रेकडाउन झाले हा आकडा काढतात. वडिलांना तो आकडा तोंडपाठ असायचा. घरची दुधाची वहीसुद्धा ते त्याच शिस्तीत लिहायचे.

सासरी हिशेब माझ्याकडे आले तेव्हा मी एवढंच केलं की सगळ्या गाड्यांचा एकत्र खर्च लिहायचं बंद करून प्रत्येक गाडीला स्वतंत्र पानं दिली. डिझेल, टायर, मिस्त्री, सुटे भाग हे रकाने होतेच. एक रकाना नवा पाडला: गाडी उभी राहिली ते दिवस, आणि का. मामांना हे थोडं अपशकुनी वाटलं. "गाडी बंद पडल्याची नोंद कशाला ठेवायची?" असं ते एकदा म्हणालेही.

पण त्या रकान्यानं मला माणसं कशी बोलतात ते दाखवलं. आपल्या कंपनीची गाडी बंद पडली की दोष ड्रायव्हरचा असतो, नाहीतर डिझेलमध्ये पाणी असतं, नाहीतर रस्ताच खराब असतो. शेजारच्या मालकाची दुसऱ्या कंपनीची गाडी बंद पडली की मात्र दोष थेट कंपनीचा. आमच्या ट्रान्सपोर्ट नगरात चहाच्या गाड्यावर रोज असाच न्यायनिवाडा होतो. त्यात कुणी खोटं बोलत नाही. प्रत्येकाला आपल्या गाडीचं चाललेलं आठवतं आणि दुसऱ्याच्या गाडीचं थांबलेलं. आठवणीवर सोडलेला हिशेब म्हणूनच कामाचा नाही.

मामांची पहिली गाडी खरोखर चांगली होती, याबद्दल मला शंका नाही. पण ती मामा स्वतः चालवायचे. रात्री कितीही उशीर झाला तरी ग्रीस मारल्याशिवाय जेवत नसत असं आत्या, म्हणजे सासूबाई, सांगतात. पाटा तुटायच्या आधी त्यांना आवाजावरून कळायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचा एक ठरलेला मिस्त्री होता, पंप-नोझलचं काम त्याच्याशिवाय कुणाला देत नसत. म्हणजे त्या गाडीच्या यशात मामांचा हात होता, मिस्त्रीचा होता, साध्या यांत्रिक इंजिनाचा होता. श्रेय सगळं बोनेटवरच्या नावाला गेलं.

मग १ एप्रिल २०२० आला. त्या दिवसापासून देशभर धुराच्या बीएस-६ निकषाच्या गाड्याच विकायच्या असा नियम झाला. बीएस-४ मधून थेट बीएस-६, मधली पायरी गाळून. मालकांच्या दृष्टीनं हा बदल केवढा मोठा होता ते शोरूममध्ये कुणी नीट सांगितलं नाही. सायलेन्सरच्या जागी एक छोटा रासायनिक कारखाना आला. काजळी अडवणारी गाळणी म्हणजे डीपीएफ, आणि पुढे युरियाचं द्रावण फवारून धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर करणारी एससीआर. त्यावर लक्ष ठेवायला सेन्सर. अशोक लेलँडनं २०१७ साली बीएस-४ ट्रकसाठी युरिया न लागणारी ईजीआर पद्धत निवडली होती. बीएस-६ आल्यावर त्यांच्याही मोठ्या गाड्यांना युरियाची टाकी बसलीच. थोडक्यात, नाव जुनं आणि यंत्र नवं. वीस वर्षांचा अनुभव ज्या यंत्राचा होता ते यंत्र बाजारातून गेलं होतं, आणि निष्ठा मात्र तशीच पुढे चालू होती.

आमची नवी गाडी याच काळात आली. दुसऱ्या शोरूमची पायरीही न चढता. कोटेशन एकच, सूट नावापुरती. विक्रेत्याला माहीत होतं की हे घर दुसरीकडे जाणार नाही. निष्ठावान गिऱ्हाइकाला सूट कशाला द्यायची?

पहिला सीझन उसाचा. फडात गाडी भरेपर्यंत थांबायचं, मग कारखान्याच्या यार्डात रांगेत, वजनकाट्यापासून गव्हाणीपर्यंत वीतभर वीतभर सरकायचं, इंजिन चालूच. अंतर थोडं, वेग नाही. डीपीएफमधली काजळी जळून जायला धूर खूप तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी सलग बऱ्या वेगानं धावावी लागते. रांगेत ते होत नाही. गाळणी भरत जाते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. गाडी सुरक्षित उभी करून बटण दाबून काजळी जाळायची सोय असते, त्याला ड्रायव्हर लोक 'रिजन' म्हणतात. पण त्याला वेळ लागतो, आणि रांगेत नंबर सोडून कोण रिजन करणार? आमच्या ड्रायव्हरनं दिवा पाहिला, गाडी चालतेय म्हणून पुढे गेला. त्याला ते कुणी शिकवलंही नव्हतं. गाडी ताब्यात देताना पेढे वाटले, किल्लीबरोबर फोटो काढला, ड्रायव्हरला दहा मिनिटं बसवून दिव्यांचा अर्थ सांगितला नाही.

फेब्रुवारीत तासगावची द्राक्षं भरली. माल संध्याकाळी भरून पहाटेच्या बाजाराला वाशीत पोचवायचा. सातारा ओलांडल्यावर गाडीनं दम सोडला. इंजिन चालू, पण ताकद नाही. गाळणी तुंबली की यंत्रणा इंजिन वाचवण्यासाठी जोर काढून घेते. रात्रीच्या मदतीसाठी दिलेला फोन लागला, माणूस सकाळी आला. स्कॅनर लावल्यावर गाळणीबरोबर एक सेन्सरही गेल्याचं कळलं आणि तो सेन्सर त्या वर्कशॉपमध्ये नव्हता. द्राक्षं दुसऱ्या गाडीत उलटून पाठवली. बाजार हुकला, भाव पडला. बागायतदारानं आमचं भाडं कापलं, आणि पुढच्या सीझनला त्याचा फोन आला नाही. यातलं सगळ्यात मोठं नुकसान हे शेवटचं होतं, आणि ते कुठल्याच बिलावर नव्हतं.

घरात जो वाद झाला तो ठरलेल्या वळणानं झाला. मामा म्हणाले ड्रायव्हर नालायक. आमचे हे म्हणाले वर्कशॉप नालायक. वही उघडल्यावर दिसलं की दुरुस्तीचा खर्च वॉरंटीमुळे फार नव्हता, पण उभ्या दिवसांच्या रकान्यात नवी गाडी आमच्या सगळ्यात जुन्या गाडीच्या कितीतरी पुढे होती. मालक लोक मिस्त्रीच्या बिलावर घासाघीस करतात आणि उभ्या दिवसाची किंमत काढतच नाहीत. महिन्याचा हप्ता ६० हजार असेल तर गाडी एक दिवस उभी म्हणजे २ हजार तिथंच गेले. त्यात विमा, टॅक्स, ड्रायव्हरचा पगार, बुडालेलं भाडं मिळवा. ही बेरीज एकदा केली की शोरूममधली दहा-वीस हजारांची सूट अगदी किरकोळ वाटते.

दोष मी सगळा कंपनीवर टाकत नाही. तीच गाडी हायवेवर लांबच्या फेऱ्यांना लावल्यावर बरी चालली. म्हणजे खरा प्रश्न "कुठली कंपनी?" हा नव्हता. "कुठलं मॉडेल, कुठल्या कामाला, आणि बिघडलं तर किती अंतरावर कोण दुरुस्त करणार?" हा होता. तो घरात कुणी विचारला नाही, कारण कंपनी आधीच ठरलेली होती.

कारवाल्यांनी हसायचं कारण नाही. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन एके काळी मारुतीच्या स्विफ्टमध्ये होतं, टाटाच्या व्हिस्टामध्ये होतं आणि फियाटच्या स्वतःच्या पुंटोमध्येही. बोनेट उघडलं तर एकाच घराण्याचं इंजिन, पण ग्राहक एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवत होते. आजही टोयोटाची ग्लांझा म्हणजे मुळात मारुतीची बलेनो आणि मारुतीची इन्व्हिक्टो म्हणजे टोयोटाची हायक्रॉस. अशा वेळी नावाची निष्ठा नेमकी कशावर असते? माझा भाऊ पुण्यात असतो. त्यानं घेतलेली कार खरंच दणकट होती, पण त्या कंपनीनं भारतातला गाशा गुंडाळला. शेवरलेची विक्री इथं २०१७ मध्ये थांबली, फोर्डनं २०२१ मध्ये कारखाने बंद करायचं जाहीर केलं. त्याची गाडी अशाच एका निघून गेलेल्या कंपनीची. इंजिनाला काही झालं नाही, पण किरकोळ धडकेत मोडलेल्या एका भागासाठी गाडी कित्येक आठवडे गॅरेजमध्ये पडून होती. गाडी भरवशाची असणं आणि गाडीमागची व्यवस्था भरवशाची असणं या दोन गोष्टी आहेत.

आता कुणी विचारायला आलं तर मी काय सांगते ते लिहिते. शोरूमच्या आधी वर्कशॉपला जा, तेही सकाळी. बाहेर आपल्याला हव्या त्या मॉडेलच्या किती गाड्या उभ्या आहेत आणि त्यांचे ड्रायव्हर किती दिवसांपासून तिथं झोपताहेत ते विचारा. मालकापेक्षा ड्रायव्हर खरं सांगतो, कारण गाडी त्यानं निवडलेली नसते. आपल्यासारखंच काम करणारा मालक शोधा. हायवेवाल्याचा अनुभव ऊसवाल्याच्या उपयोगाचा नाही. मॉडेल अगदी नवं असेल तर वर्षभर दुसऱ्यांना चालवू द्या. शक्य असेल तर निदान दोन-तीन कंपन्यांची कोटेशनं घ्या, गाडी जुन्याच कंपनीची घ्यायची असली तरी घ्या. काही कंपन्या देखभालीच्या करारात गाडी ठरावीक वेळेत चालू करून देण्याची हमी देतात. ती तोंडी नको, लेखी घ्या आणि कुठल्या रस्त्यांवर लागू आहे ते वाचा. युरिया नेहमी सीलबंद, आयएसओ २२२४१ लिहिलेलाच घ्या. खताच्या युरियाचं घरगुती मिश्रण टाकून पैसे वाचवणारे आमच्याकडे आहेत. ते पुढे पूर्ण एससीआर बदलतात आणि मग कंपनीला शिव्या देतात.

कागदांच्या बाबतीत मी हट्टी आहे. तक्रार फोनवर सांगून थांबू नका, प्रत्येक वेळी जॉब कार्डवर आपल्या शब्दांत लिहून घ्या आणि प्रत जपा. "चेक केलं, ओके" एवढंच लिहून दिलं तर सही करू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूला जागा नाही, पण स्वतःचं पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या गाडीचा मालक ग्राहक ठरतो. एक-दोन गाड्यांच्या मालकानं म्हणून आपण गाडी कशासाठी घेतली हे कागदावर दिसेल असं पाहावं. मोटार वाहन कायद्यातही २०१९ साली ११०-अ हे कलम आलं. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार कंपनीला देऊ शकतं. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकला की आपली गाडी अशा यादीत आहे का ते कळतं. दसऱ्याला गाडी धुताना तेवढं एकदा पाहायला हरकत नाही.

मामा अजून त्याच कंपनीचे आहेत आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांची माया त्यांच्या तरुणपणावर आहे, तिला वहीतला आकडा लागू होत नाही. पण पुढच्या गाडीसाठी तीन कोटेशनं घरात आली आहेत आणि त्यातलं एकही त्यांनी फाडलं नाही.

आमच्या भागात ऊस ओढणारे, द्राक्ष-बेदाणा नेणारे मालक हे वाचत असतील तर एक विनंती आहे. डिझेलचं ॲव्हरेज आपण एकमेकांना फुशारकीनं सांगतो. सीझन संपल्यावर गाडी किती दिवस उभी राहिली आणि कशामुळे, हेही सांगत चला. नवी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला हा आकडा कुठल्याच शोरूममध्ये मिळत नाही.