परदेशी चलनातील गुंतवणूक : नफा नेमका कशाचा?

आपल्या अनेक व्यापारी घरांतील एखादा भाऊ नाही तर मुलगा आखातात असतो. तिथे थोडीफार गुंतवणूकही होते. हिशेब मात्र इथल्या वहीत, सगळा रुपयात. आम्हीही तेच करीत होतो आणि त्यापायी धाकट्या भावाशी अबोला धरण्याची पाळी आली.

दोघांनी मिळून दुबईत १०,००० दिरहमचे शेअर घेतले. तेव्हा दिरहम २० रुपये, म्हणजे २ लाख रुपये झाले. पुढे शेअरची किंमत ९,५०० दिरहम झाली आणि दिरहम २३ रुपयांवर गेला. आमच्या वहीत २,१८,५०० रुपये. आम्ही म्हणालो, नफा. भाऊ म्हणाला, तोटा. दोघेही खरेच बोलत होतो! दिरहम वधारल्याने ३०,००० मिळाले, शेअर उतरल्याने ११,५०० गेले. उरले १८,५००. शेअरने काहीच कमावले नव्हते.

आता आम्ही संगणकावर ग्नूकॅश या मोफत प्रोग्रॅममध्ये हिशेब ठेवतो. त्यात जमा-नावे पद्धतच आहे, त्यामुळे खतावणी जाणणाऱ्याला ते अवघड नाही. रीत अशी :

१) प्रत्येक खाते त्याच्याच चलनात उघडावे.

२) रुपयातून दिरहममध्ये रक्कम वळवताना त्या दिवशी प्रत्यक्ष मिळालेला दर लिहावा. तो पुढे बदलू नये.

३) ‘प्राइस डेटाबेस’मध्ये दरमहा शेअरचा भाव आणि चलनाचा दर वेगवेगळा भरावा.

४) ताळेबंद एकदा दिरहममध्ये, एकदा रुपयात काढावा. दिरहमचा ताळेबंद शेअरची खरी चाल सांगतो, रुपयाचा घरात काय येईल ते सांगतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या दराने आणि दिरहम १९९७ पासून ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. म्हणून डॉलर, रियाल, दिरहम अशा तीन चलनांत पैसा ठेवल्याने जोखीम वाटली जात नाही. रुपयाच्या दृष्टीने तिन्ही एकाच दोरीला बांधलेली आहेत.

कापड मीटरने मोजावे, सूत किलोने. दोन्ही एकाच मापात घातले, तर मालही कळत नाही आणि नफाही. भागीदारीत तर हा हिशेब आधी स्वच्छ हवा, वाटणी नंतर.